विटाळाचे हात : एका लष्करी परिचारिकेच्या निवृत्तीच्या निमित्ताने

३१ ऑक्टोबर २०२३ या दिवशी माझी आत्या सैनिकी परिचर्या सेवेतून लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावरून निवृत्त झाली. पुण्याच्या एका लष्करी रुग्णालयात तिचा निरोपसमारंभ होता आणि त्यासाठी केडगावहून आम्ही घरची अकरा माणसे भाड्याच्या गाडीने गेलो होतो. समारंभ तसा छोटाच होता. भाषणे झाली, चहा झाला, फोटो झाले. पण त्या दिवशी जे पाहिले आणि ऐकले त्याने माझ्या मनातला इतिहास थोडा हलवला. शाळेत मी इतिहास शिकवते. चळवळीतल्या शिबिरांत आपल्या लष्करी परंपरेवर बोलायलाही मला बोलावतात. इतकी वर्षे त्या विषयावर बोलताना मी घरातल्याच एका माणसाला वगळत आले, हे तिथे खुर्चीवर बसल्याबसल्या ध्यानात आले.

केडगाव म्हटले की पुष्कळांना पंडिता रमाबाईंचे केडगाव आठवते. ते दौंडकडचे, पुणे जिल्ह्यातले. आमचे हे नगरचे केडगाव, रेणुकामातेचे. पूर्वी नगरच्या वेशीबाहेरचे स्वतंत्र गाव होते, आता महानगरपालिकेत गेले आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण जुन्या माणसांच्या तोंडी नगरच आहे. या नगरला लष्कर नवीन नाही. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतला, पुढे इथे छावणी आली. पहिल्या महायुद्धात जर्मन कैदी इथे ठेवले होते. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे केंद्र इथेच आले. भिंगारच्या कॅम्पात भांडी घासणे, गवत कापणे, घोड्यांची लीद उपसणे ही कामे आमच्या वस्त्यांनी पिढ्यान्पिढ्या केली. तेव्हा लष्कर आम्हाला लांबचे नव्हते. फक्त आम्ही त्यात मागच्या दाराने होतो.

त्या दिवशी सकाळी गाडी सुपे, शिरूर, रांजणगाव करीत कोरेगावला आली. भीमेचा पूल ओलांडल्यावर पेरण्याच्या हद्दीत विजयस्तंभ आहे. वडील म्हणाले, पाच मिनिटं थांबू. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांनी दिलेली भेट, हे मी वर्गात कितीदा सांगितले आहे. स्तंभावरची शेवटी ‘नाक’ लागलेली नावे वडील बोटाने दाखवीत होते आणि माझी दहा वर्षांची भाची वाचीत होती. वाचून झाल्यावर तिने विचारले, "यात आत्याआजीसारखं कोणी नाही का?" वडील म्हणाले, "तेव्हा बायका नव्हत्या फौजेत." मीही मान डोलावली. आम्ही गाडीत बसलो.

तेव्हा बायका नव्हत्या हे खरे. पण लढाईत जखमी झालेल्या माणसाची जखम कोणी धुतली, पाणी कोणी पाजले, याची नोंद कोणी ठेवली नाही म्हणून ते काम झाले नाही असे थोडेच आहे?

रुग्णालयाच्या फाटकावर आधार कार्डे दाखवून आत गेलो. एका तरुण लेफ्टनंट मुलीने हातातल्या यादीवर टिचक्या मारीत हिंदीत विचारले, "मॅडमचे मिस्टर आणि मुलं कोण?" पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी तीन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आत्याचे लग्न झालेले नाही. वडील पुढे झाले, म्हणाले, "मी तिचा थोरला भाऊ." त्या मुलीने यादीत काहीतरी खोडले आणि अगदी आदराने त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवले. उरलेल्या दोन खुर्च्यांवर माझी आई आणि मी बसलो. त्या खोडलेल्या ओळीचा इतिहास पुढे सांगणार आहे. ती त्या मुलीची चूक नव्हती.

मुख्य अधिकाऱ्यांचे भाषण चांगले होते. त्यांनी आत्याची छत्तीस वर्षांची सेवा सांगितली, उत्तरेतल्या थंडीच्या ठाण्यांवरच्या नेमणुका सांगितल्या, कोविडच्या काळात तिने आपल्या हाताखालच्या मुलींना सुट्टी देऊन स्वतः वॉर्डात रात्री काढल्या तेही सांगितले. मग परंपरेप्रमाणे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आले, दिवा आला आणि हे पवित्र व्रत आपल्या देशात कसे आले ते आले.

आत्या उत्तराला उठली. खांद्यावर अशोकस्तंभ आणि त्याखाली एक तारा. तिने सगळ्यांचे आभार मानले आणि मग साध्या हिंदीत म्हणाली की हे काम तिने प्रशिक्षणात शिकले हे खरे, पण पाहिले त्याआधीच, आपल्या आईकडे. आई गावची सुईण होती. तिला सही येत नव्हती आणि तिच्या खांद्यावर काही नव्हते. एवढेच बोलून ती बसली. टाळ्या वाजल्या. सुईण म्हणजे काय, हे तिथल्या किती जणांना कळले कोण जाणे.

आम्हाला कळले. माझी आजी केडगावात आणि आसपासच्या मळ्यांवर बाळंतपणे करायची. आमच्या भागात हे काम मांगवाड्यातल्या आणि महारवाड्यातल्या म्हाताऱ्या करीत. रात्री-अपरात्री कंदील घेऊन गडी यायचा आणि वाड्याच्या दाराशी न येता लांबूनच हाक मारायचा. आजी जायची. वेणा येणाऱ्या बाईला धरायची, पोर हातावर घ्यायची, नाळ कापायची, वार खड्डा करून पुरायची. घरातली बाई त्या वेळी तिला मिठी मारून ओरडत असे. तेव्हा विटाळ नसे! बाळंतिणीची खोली सारवून शुद्ध झाली की आजी परत अंगणाबाहेर. पायलीभर ज्वारी, खोबऱ्याची वाटी, एखादे जुने लुगडे, हे वरून टाकलेले पदर पसरून घ्यायचे. ती सांगायची, "माझ्याच हातानं दुनियेत आलेलं पोर. पाच वर्षांचं झालं अन् मला म्हनलं, लांब व्हय, इटाळ व्हईल." हे सांगताना ती रडत नसे. हसायची. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

आपल्या समाजव्यवस्थेची ही लबाडी नीट पाहिली पाहिजे. रक्त, घाण, मृत्यू, जन्म यांना हात लावण्याचे काम ज्यांच्यावर लादले, त्यांनाच त्या हात लावण्यामुळे अपवित्र ठरवले. काम विटाळाचे म्हणून करणारा विटाळलेला, आणि करणारा विटाळलेला म्हणून काम त्याचेच. या चक्राला बाहेर पडायला दार नाही. म्हणूनच पांढरपेशा घरांतल्या मुली दीर्घकाळ परिचारिकेच्या पेशाकडे फिरकल्या नाहीत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, त्याचे मलमूत्र काढायचे, हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे! मिशनच्या दवाखान्यांनी जेव्हा मुली घेतल्या तेव्हा त्यांत धर्मांतरित दलित घरांतल्या मुली पुढे होत्या. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे. इथल्या कितीतरी ख्रिस्ती महार-मांग कुटुंबांत एखादी मावशी किंवा आत्या नर्स असतेच. या मुलींना त्यासाठी ‘त्याग’ करावा लागला नाही. हे काम त्यांच्या आज्या करीतच होत्या. फरक एवढाच की आता त्याला पगार होता, गणवेश होता आणि प्रमाणपत्र होते. हा फरक लहान नाही.

आता लष्कराकडे वळू. १८८८ मध्ये दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. कॅथरिन ग्रेस लॉक आणि मिस ऑक्सली या त्यांच्या प्रमुख. हिंदुस्थानातल्या लष्करी परिचर्येचा अधिकृत इतिहास या सालापासून मोजतात. त्या आल्या त्या गोऱ्या सैनिकांच्या रुग्णालयांसाठी. काळा शिपाई आपल्या पलटणीच्या दवाखान्यात पडून राही.

याच १८८८ सालची आणखी एक नोंद आहे, ती या नोंदीशेजारी कोणी ठेवत नाही. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांचे ‘विटाळ विध्वंसन’ याच वर्षीचे. एकीकडे मुंबईच्या धक्क्यावर जखमेला हात लावणाऱ्या गोऱ्या बायकांचे स्वागत होत होते आणि दुसरीकडे कोकणातला एक पेन्शनर धर्मपंडितांना प्रश्न विचारीत होता की आमच्या हातांना विटाळ कुठून चिकटला. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नव्हता हे मला मान्य आहे. तो जोडायला माझ्या आजीची लेक जन्मावी लागली.

पुढचा भाग आपल्या वाचकांना ठाऊक आहे. कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. छावण्यांतल्या शाळांमुळे आपल्यात अक्षर आले, सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. १८९० नंतर लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे करून भरती बंद झाली. १८९४ मध्ये वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या प्रयत्नांमुळे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माझे आजोबा दुसऱ्याच वर्षी भरती झाले. त्यांच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

दरसाल १ ऑक्टोबरला आजोबा इस्त्रीचे कपडे घालून, पदके लावून ओट्यावर बसत. आम्हा पोरांना त्या तारखेचे महत्त्व पाठ होते. परंतु आत्यालाही त्याच तारखेला दरवर्षी शुभेच्छांची पत्रे येत, पुढे फोन येऊ लागले. त्याचे कारण आम्ही कधी विचारले नाही. रेजिमेंटच्याच शुभेच्छा असतील असे आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी समारंभात कळले. १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय सैनिकी परिचर्या सेवा कायम स्वरूपात अस्तित्वात आली, म्हणून त्या सेवेचाही स्थापनादिन तोच! एका घरात दोन स्थापनादिन होते आणि आम्ही एकच साजरा करीत होतो.

हा नुसता विसराळूपणा नाही. आपण प्रस्थापितांच्या इतिहासलेखनावर टीका करतो की त्यांनी आपल्याला वगळले. बरोबरच आहे. पण आपण स्वतः लिहायला बसलो तेव्हा बंदूक हाती घेतलेला पुरुष तेवढा उचलला. पराक्रम म्हणजे मारणे, ही व्याख्या आपण कोणाकडून घेतली? मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर पाठीवर घेऊन हडपसरच्या माळावर यशवंतरावांच्या दवाखान्यात नेणारी आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ ला मरण पावणारी सावित्रीबाई आपण शिक्षणाच्या प्रकरणात ठेवतो. तिचा तो शेवटचा प्रवास शौर्याच्या प्रकरणात का नाही? शिबिरांत लष्करी परंपरेवर माझी भाषणे झाली, त्यांत आत्याचे नाव एकदाही आले नाही, याची कबुली मी इथे देते.

आत्या १९८३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. अविवाहित असण्याची अट होतीच. आजोबांना वाटले, मुलगी फौजेत जाते. आजीला वाटले, पोरगी माझेच काम करायला निघाली, मग घरी काय वाईट होते? १९८७ मध्ये ती लेफ्टनंट झाली. पहिल्यांदा गणवेशात केडगावला आली तेव्हा आजीने तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "तुला घरात घेत्यात का तिथं?"

घेत होते. १९४३ च्या सैनिकी परिचर्या सेवा अध्यादेशाने या स्त्रिया सशस्त्र सेनेचा भाग झाल्या, त्यांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. १९७६ मध्ये याच सेवेतल्या गर्ट्रूड अॅलिस राम या भारतीय सेनेतल्या पहिल्या स्त्री मेजर जनरल झाल्या. आत्या सांगते, नोकरीच्या पहिल्या वर्षी नगरकडचाच एक जवान वॉर्डात होता. छातीवरची नावाची पट्टी वाचून त्याने विचारले, "मॅडम, तुम्ही नगरच्या? कोणाच्यातल्या?" आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ एकच असतो. आत्या म्हणाली, "सुईवाल्यांतली," आणि त्याला इंजेक्शन दिले. त्याला विनोद वाटला. तिने खरे तेच सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातचे पाणी घेतले, आणि बरा होऊन जाताना टाचा जुळवून सलाम केला. तो सलाम हुद्द्याला होता, हे तिला माहीत होते. "माझ्या आईला हुद्दा नव्हता म्हणून सलाम नव्हता, काम तर तेच होतं," असे ती म्हणते. यावर माझे आणि तिचे थोडे भांडण आहे. मला वाटते, हुद्दा हीच मोठी गोष्ट आहे. कामाची प्रतिष्ठा कामातून आपोआप येत नाही, ती कायद्याने द्यावी लागते. बाबासाहेब पलटण मागत होते ते बंदुकीच्या प्रेमाने नव्हे.

पण ज्या कायद्याने तिला तारे दिले त्याच व्यवस्थेने तिच्याकडून किंमतही घेतली. आता ती खोडलेली ओळ.

१९७७ ची लष्कराची एक सूचना होती, क्रमांक ६१. परिचर्या सेवेतल्या अधिकारी स्त्रीची नेमणूक कोणकोणत्या कारणांनी संपवता येईल, ते तीत लिहिले होते. वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरणे, गैरवर्तन, आणि लग्न. हो, गैरवर्तनाच्या पंगतीत लग्न! पुरुष अधिकाऱ्याला लग्नामुळे घर मिळे, भत्ता मिळे. परिचारिकेची नोकरी जाई. परराष्ट्र सेवेत स्त्रीला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे, त्या नियमावर १९७९ मध्ये मुथम्मा यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कडक ताशेरे ओढले होते. तरीही परिचारिकांचा नियम पुढे सोळा वर्षे टिकला. सेनेतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदात आहे. पण ती संसदेने कायदा करून, आणि शिस्त व कर्तव्य यांच्यासाठी. बाईने लग्न केल्याने कोणती शिस्त मोडते?

१९९० च्या सुमारास आत्याला श्रीरामपूरकडच्या एका शिक्षकाचे स्थळ आले होते. माणूस चांगला होता, चळवळीतला होता. दोन्ही घरांना पसंत होते. आत्याने नियम सांगितला. तो म्हणाला, "मग नोकरी सोड, मी आहे ना." आत्याने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवले. त्या वेळी तिच्या पगारावर माझ्या दोन चुलतभावांचे शिक्षण आणि आजोबांचे औषधपाणी चालू होते. पण तिने हे कारण सांगितले नाही. "आईनं पदर पसरून ज्वारी घेतली. मी पसरणार नाही," एवढेच ती आजीला म्हणाली. त्या चळवळीतल्या शिक्षकाला या वाक्याचा अर्थ कळला असता का, याबद्दल मला शंका आहे. आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांच्या बाबतीत मला ती आजही आहे.

२९ ऑगस्ट १९९५ रोजी ती सूचना मागे घेतली गेली. आत्याला ते वर्षभराने एका मैत्रिणीकडून कळले. तेव्हा ती तिशीच्या पुढे गेली होती आणि आजी अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. पुढे कोणी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही.

समारंभाच्या शेवटी फौजेच्या रिवाजाप्रमाणे तिच्या गाडीला फुलांचे दोर बांधले आणि परिचारिका मुलींनी ती ओढत फाटकापर्यंत नेली. एक वयस्क आया दोराला हात लावायला पुढे आली, मग थबकली. आत्याने गाडीतूनच तिला हाक मारली, "ओढ की, तुझाच मान आहे." तिने ओढली. वडील मागून चालत होते. त्यांनी आजोबांचे पदक खिशात आणले होते. ते लावायचे धाडस त्यांना झाले नाही, हे त्यांनी परतीच्या वाटेवर शिरूरजवळ सांगितले.

साडेतीन महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेलिना जॉन या परिचर्या सेवेतल्या लेफ्टनंट. १९८८ मध्ये लग्न केले म्हणून त्यांना सेवेतून काढले होते. लखनौच्या सैन्य न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, केंद्र सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघडउघड मनमानी आहे, लिंगभेद आणि विषमता आहे, असे म्हटले आणि साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. नोकरी गेल्याला तोवर पस्तीस वर्षे झाली होती.

ज्यांनी लग्न केले आणि ज्यांची नोकरी गेली, त्यांना निदान न्यायालयात दाखवायला कागद होता. नोकरीसाठी ज्यांनी लग्न केले नाही त्यांच्याकडे कसला कागद असणार? नुकसान झाले हे त्या कोणत्या न्यायाधिकरणापुढे सिद्ध करतील? अशा किती जणी होत्या, याची गणती होणे आता शक्य नाही. त्यांच्या निरोपसमारंभांच्या याद्यांत मात्र एकेक ओळ खोडलेली असेल.

वर्तमानपत्र घेऊन मी संध्याकाळी आत्याकडे गेले. तिने केडगावलाच घर बांधले आहे, जुन्या वस्तीपासून दोन गल्ल्यांवर. मी बातमी वाचून दाखवली. तिने सूचनेचा क्रमांक पुन्हा विचारला, ती मागे घेतल्याचे साल पुन्हा विचारले. बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाली, "बाईनं चांगली लढत दिली." इतक्यात शेजारचा मुलगा धावत आला. त्याच्या वहिनीला बाळंत होऊन सहा दिवस झाले होते आणि अंगात ताप भरला होता. घर पूर्वीच्या पाटलांच्या भावकीतले. आत्याने बीपीचे यंत्र आणि थर्मामीटर पिशवीत टाकला आणि पायांत चपला सरकवल्या. मी तिच्याबरोबर गेले. मुलगा आम्हाला सरळ आतल्या खोलीत घेऊन गेला. दारात बसलेली म्हातारी जागची उठली आणि तिने वाट दिली. ती कशासाठी उठली, हे मला सांगता येत नाही. आत्याने बाळंतिणीचे मनगट हातात धरले आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजायला लागली.